दळण सरताना म्हटली जाणारी ओवी : पाठ कसे नोंदवावेत, अर्थ कसा लावावा

जात्यावरच्या शेकडो ओव्या एकदम गोळा करायला निघू नये. दळण संपत आल्यावर म्हटली जाणारी एकच ओवी निवडावी आणि तिचे पाठ, म्हणजे वेगवेगळ्या बायकांच्या तोंडची तिची रूपे, नोंदवावेत. तिचा आशय असा की, सासरी आणि माहेरी दोन्हीकडे धान्याच्या राशी भरलेल्या असताना दळण सरले असे मी म्हणू कशी? दिवा विझला न म्हणता आपण ‘मालवला’ म्हणतो, बांगडी फुटली न म्हणता ‘वाढवली’ म्हणतो. त्याच रीतीने येथेही ‘सरले’ हा शब्द उच्चारताच नाकारला जातो. या ओवीतली रास म्हणजे केवळ ज्वारीचा ढीग नव्हे. दोन्ही घरांचे भरलेपण तिच्यात आहे आणि माहेरचे नाव सासरच्या जात्यावर घेण्याची मुभाही आहे.

पिठाच्या चक्कीवर डबा ठेवून येणाऱ्या नागपुरात ही ओवी ऐकायची असेल, तर लग्नघरी हळद दळताना जावे, किंवा घरातल्या आजींना जात्याचा खुंटा हाती धरायला सांगावे. नुसते ‘गाणे म्हणा’ म्हटल्यास बहुधा दोन चरणांवर गाडी अडते. हात फिरू लागला की चरण आपोआप येतात. ध्वनिमुद्रण करावे आणि जात्याची घरघर त्यात येऊ द्यावी, कारण चरण कुठे तुटतो हे तिच्यावरून कळते.

उतरवून घेताना उच्चार सुधारू नयेत. आजी वऱ्हाडी वळणाने ‘दयन’ म्हणत असतील, तर ‘दळण’ लिहिणे म्हणजे पाठ बिघडवणे होय. प्रत्येक पाठासोबत गाणाऱ्या बाईचे माहेर, सासर आणि दोन्ही गावांची पिके लिहावीत, कारण मौदा-रामटेककडच्या धानाच्या गावातून आलेली सून आणि पश्चिमेच्या ज्वारीच्या गावातली सासू एकाच जात्यावर बसलेल्या असू शकतात.

मग पाठ एकाखाली एक मांडावेत. ‘कशी’ आणि ‘राशी’ ही यमकाची जोडी ओवीला बांधून ठेवते, म्हणून ती सहसा हलत नाही. बदल शोधायचा तो चरणाच्या आतल्या जागी, म्हणजे धान्याच्या नावात, नात्यात आणि ‘बाई’, ‘गं’ अशा भरीच्या शब्दांत. जिथे यमकच बदलले आहे, तिथे ती स्वतंत्र ओवी समजावी, असे माझे मत आहे.

सगळ्यांत जुना पाठ कोणता, या वादात फार वेळ घालवू नये. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख 12व्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात आहे, म्हणजे ओवीचे नाते जात्याइतकेच उखळ-मुसळाशीही आहे. म्हणून धानाच्या गावात विचारताना दळणाबरोबर कांडणाचीही ओवी विचारावी आणि ती वेगळ्या पानावर लिहावी.