पंचवटीने जायचं, जहाजाने फिरायचं: नाशिककरांसाठी थंडीतली आठवड्याची क्रूझ

क्रूझ म्हटलं की आपल्याकडे लोक आधी सिंगापूरचं विमान बघतात, का ते मला कळत नाही, कारण जहाज मुंबईतून सुटतं आणि मुंबई आपल्याला पंचवटी एक्सप्रेसने चार तास. मी गेल्या थंडीत आई आणि आत्याला घेऊन जाऊन आलो, आत्या विमानात पाय ठेवत नाही त्यामुळे तो विषयच नव्हता. कसं जमवायचं ते सांगतो.

पूर्ण सात रात्रींची ट्रिप शोधत बसू नका. मुंबईहून निघणाऱ्या बऱ्याचशा ट्रिपा दोन, तीन नाहीतर पाच रात्रींच्या असतात, त्यातली गोवा-लक्षद्वीपवाली पाच रात्रींची घ्या आणि पुढेमागे एकेक दिवस मुंबईचा धरा, झाला आठवडा. कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस हे जहाज २०२१ पासून मुंबईतून फिरतंय. जहाज १९९० चं, लांबी साधारण २११ मीटर, म्हणजे यूट्यूबवर दिसतात त्या वीस मजली परदेशी जहाजांशी तुलना करू नका, पण गोदाकाठच्या माणसाला ते सुद्धा पहिल्यांदा बघताना मान वर करूनच बघावं लागतं.

दिवस कुठले निवडायचे? पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला, डिसेंबर-जानेवारीत त्यामानाने शांत. नाताळ ते एक जानेवारी सोडा, भाडं अंगावर येतं. संक्रांतीनंतर बघा. द्राक्षवाल्यांनी मात्र डिसेंबरचा पहिला पंधरवडाच पकडावा, जानेवारीनंतर बागेतून हलता येणार आहे का तुम्हाला?

बुकिंग करताना जाहिरातीतल्या आकड्यावर भाळू नका. त्यावर जीएसटी, पोर्ट चार्जेस, सर्व्हिस चार्ज चढतो, आणि तो आकडा बहुतेक वेळा एका केबिनमध्ये दोघं धरून असतो, एकटा माणूस गेला तर जास्त पडतं. सगळं मिळून फायनल किती ते लिहून घ्या मगच पैसे भरा, एका एजंटने आम्हाला फोनवर एक सांगितलं आणि बिलात दुसरंच, अर्धा दिवस भांडण्यात गेला. केबिन खिडकी नसलेली घेतली तरी चालते, झोपायलाच जायचंय. पैसे वाचवायचे तर तिथे वाचवा, पण जागा बघून घ्या: खालचा डेक आणि जहाजाचा मधला भाग. झोपाळ्याच्या टोकाला जास्त हलतं आणि कडीपाशी कमी, तसंच जहाजाचं आहे. ज्याला कसारा घाटात मळमळतं त्याने तर हे पाळाच, वर डॉक्टरांना विचारून उलटीची गोळी आणि खिशात आलेपाक. आत्याने गोळी नको म्हणून आलेपाकावरच पाच रात्री काढल्या, पहिल्या रात्री जरा गप्प होती तेवढंच.

आता महत्त्वाचं. जहाज सुटायच्या दिवशीच सकाळी नाशिकहून निघू नका. समृद्धी महामार्ग झाल्यापासून लोकांना वाटतं अडीच तासात पोचू, पण तो संपतो त्या आमणेला उतरल्यावर पुढे भिवंडी-ठाण्याचं ट्रॅफिक तुमच्या बापाचं ऐकत नाही, आणि जहाज कुणासाठी थांबत नाही. आदल्या दिवशी पंचवटी पकडा, नाशिकरोडला सकाळी सातच्या सुमारास असते, अकराच्या आत सीएसएमटी. स्वेटर, कानटोपी घालून चढलेली आई इगतपुरीपर्यंत शाल सोडत नव्हती, कसारा उतरल्यावर कानटोपी गेली, कल्याणला स्वेटर गेला. रात्रीचा मुक्काम फोर्टात किंवा सीएसएमटीजवळ केला की दुसऱ्या दिवशी जहाजाचा धक्का, म्हणजे बॅलार्ड पिअर, टॅक्सीने दहा मिनिटांवर.

भारतातल्या भारतात फिरताय म्हणून पासपोर्ट लागत नाही, आधारसारखं ओरिजिनल ओळखपत्र चालतं. लक्षद्वीपला मात्र परमिट लागतं, ते कोण काढणार हे बुकिंगच्या वेळीच विचारा. मोठ्या बॅगा टर्मिनलवर टॅग लावून घेतात आणि केबिनवर बऱ्याच उशिरा येतात, तेव्हा गोळ्या, चष्मा, एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत. घरचं खाणं आणि दारूची बाटली नेता येत नाही, त्यामुळे चिवडा गाडीतच संपवा आणि नाशिकची वाईन नाशिकलाच राहू द्या. इस्त्री, किटली पण नको. जेवणाची काळजी करू नका, जैन जेवणसुद्धा मिळतं.

चढल्यावर लाइफ जॅकेटची ड्रिल होते, कंटाळा करू नका. नऊवारीवर केशरी जॅकेट घातलेल्या आत्याचा फोटो आता आमच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलाय. ड्रिल झाली की बुफेकडे पळू नका, बुफे कुठे जात नाही. डेकवर जाऊन उभे राहा, गेटवे आणि ताज समुद्राकडून दिसतात, मग कुलाब्याच्या टोकाचा १८७५ चा प्रॉन्ग्स दीपगृह, आणि हळूहळू मुंबईचे दिवे मागे राहतात. रेंज जायच्या आत फोन विमान मोडवर टाका, नाहीतर जहाजाचं नेटवर्क पकडून रोमिंगचं बिल घरी येतं.

लक्षद्वीपला जहाज धक्क्याला लागत नाही, लांब उभं राहतं आणि छोट्या बोटीने बेटावर नेतात. वारा असला तर उतरणं रद्द, त्यावर चिडून उपयोग नाही. उतरताना गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करावा, आईला दोन माणसांनी हात दिला तेव्हा जमलं. गोव्यात जहाज मुरगावला लागतं, तिथून पणजी तीसेक किलोमीटर, म्हणून चार तासात सगळा गोवा करायच्या भानगडीत पडू नका. चार-पाच जणं मिळून टॅक्सी ठरवा आणि परत किती वाजता यायचं ते ड्रायव्हरला दोनदा सांगा.

बजेट नसेल तर अजून एक रस्ता आहे. मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस नाशिकरोडला थांबते आणि थेट एर्नाकुलमला जाते, कोचीहून लक्षद्वीप प्रशासनाची प्रवासी जहाजं सुटतात. चैन नाही, पण समुद्र तोच. परमिट आणि तिकीट दोन्हीसाठी दोनेक महिने आधी मागे लागा.

परतीचं जहाज सकाळी लागलं तर दुपारी एकच्या सुमारास सीएसएमटीहून वंदे भारत आहे, ती चुकली तर संध्याकाळची पंचवटी. स्वेटर बॅगेत सगळ्यात वर ठेवा, नाशिकरोडला उतरल्याउतरल्या लागतो.