पहिली रायफल निवडताना: गोव्यातील नवोदित नेमबाजांसाठी

सत्तरी, सांगे किंवा काणकोणातला एखादा तरुण लहान कॅलिबरच्या, म्हणजे अरुंद नळीच्या, रायफलीबद्दल विचारायला येतो, तेव्हा त्याच्या मनात बहुधा दोन इच्छा असतात: कार्डावर, म्हणजे कागदी लक्ष्यावर, नेम साधावा आणि जमल्यास सशाची पारधही करावी. दुसरी इच्छा त्याने आधीच सोडून द्यावी. पॉइंट टू टू (०.२२ इंच नळीच्या) रायफलीने ससे टिपणे अमेरिकेत परवाना काढून चालते. आपल्याकडे मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे, आणि म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव यांसारख्या अभयारण्यांत पूर्वपरवानगीवाचून शस्त्र घेऊन शिरणेही बेकायदा आहे. कुळागरात, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेत, माकडांनी नारळ पाडले तरी त्यांच्यावर छर्रा झाडू नये. तेव्हा रायफल निवडायची ती कार्डासाठीच.

सुरुवात एअर रायफलीने करावी. ४.५ मिलिमीटर, म्हणजे पॉइंट वन सेव्हन सेव्हन, नळीची आणि २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीची रायफल ओळखीचा पुरावा देऊन परवान्याशिवाय घेता येते. पॉइंट टू टूच्या काडतुसाच्या रायफलीला शस्त्र परवाना लागतोच. शिवाय तिची जेमतेम अडीच ग्रॅमची गोळी दीड किलोमीटरहूनही पुढे जाऊ शकते, म्हणून ती अधिकृत रेंजबाहेर कधीही झाडू नये. पन्नास मीटरच्या ज्या प्रकारात कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवले, तो याच रायफलीचा. पण तिथवरची वाट बहुतेकांच्या बाबतीत दहा मीटरच्या एअर रायफलीवरूनच जाते.

दुकानदार ताकदीची भाषा बोलतो. मीही पहिल्या खेपेस तिला भुललो आणि अशी जड, जोरकस स्प्रिंगची रायफल घेऊन आलो, की विसाव्या छऱ्यानंतर हात थरथरू लागत. दहा मीटरच्या स्पर्धेत कार्डावरचा दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि त्याचा वेध घेणाऱ्या रायफलींची ताकद सात-आठ ज्यूलच्या आसपासच असते. तिथे कामास येतो तो नळीचा सारखेपणा, हलका व स्वच्छ सुटणारा चाप आणि अंगाला बसणारा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा मागचा भाग.

दस्ता अंगाला बसतो की नाही, हे दुकानातच पाहता येते. रायफल रिकामी असल्याची स्वतः खात्री करून घ्यावी, कोपर काटकोनात वाकवावे आणि दस्त्याचे टोक कोपराच्या खोबणीत टेकवावे. तर्जनीचे पहिले पेर सहज चापावर आले, तर लांबी योग्य आहे. नंतर ती खांद्याला लावून डोळे मिटावेत आणि उघडावेत. मान न वाकवता माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, समोर दिसली पाहिजे. मुलामुलींसाठी मोठ्यांची रायफल 'पुढे होईल उपयोगी' म्हणून घेऊ नये; चुकीची बैठक एकदा अंगात मुरली की ती मोडायला फार काळ लागतो.

शक्य असेल तर विकत घेण्यापूर्वी टेकू देऊन पाच छर्रे झाडून पाहावेत. ते मध्यावर लागले नाहीत तरी चालेल, कारण माशी आणि मागचा खाचा नंतर जुळवता येतो. पण पाचही भोके एकमेकांत मिसळून एकच फाटके भोक झाले पाहिजे. तीच रायफल दुसऱ्या प्रकारच्या छऱ्यांनी वेगळा निकाल देते, म्हणून दोन-तीन डब्या आजमावाव्यात. कार्डासाठी सपाट तोंडाचा छर्रा घ्यावा. तो कागद गोल आणि स्वच्छ कापतो, गुण मोजताना वाद उरत नाही. दुर्बिणीचा खर्च पहिल्या वर्षी टाळावा.

निवड करताना आपली हवाही ध्यानात ठेवावी. पावसाळ्यात घामेजल्या बोटाचा ठसा नळीवर राहिला, तर चतुर्थीपर्यंत त्याच आकाराचा तांबूस गंज उमटलेला दिसतो. म्हणून नळी सहज पुसता येईल अशी रायफल बरी. ती फोमच्या पेटीत कोंडून न ठेवता तेलाचा हात फिरवून कोरड्या, कुलूपबंद कपाटात ठेवावी, आणि छर्रे शिशाचे असल्यामुळे सराव झाल्यावर जेवणाआधी हात साबणाने धुवावेत.