स्लोव्हेनियातली खरी गोस्टिल्ना कशी गाठावी, आणि नाहीच गाठली तर श्ट्रुक्ली घरी कसे करावेत

गोस्टिल्ना म्हणजे गावातली घरगुती खानावळ. पुढे बिअर-वाइनचा काउंटर, मागे स्वयंपाकघर, वर मालकाचं बिऱ्हाड, अंगणात लिंडन नाहीतर चेस्टनटचं झाड. नाव बऱ्याचदा 'प्री'ने सुरू होतं, म्हणजे 'अमक्याकडे'. हा अमका म्हणजे त्या घराचं पिढीजात नाव. आजच्या मालकाचं आडनाव वेगळंही असतं. नकाशावर अशा गोस्टिल्ना भरपूर दिसतात, पण दारात गेल्यावर कळतं की एक कायमची बंद आहे, दुसरीचा पिझ्झेरिया झालाय आणि तिसरीत फक्त कॉफी मिळते. त्यामुळे नुसतं भटकत जाऊन पोट भरेल या भरवशावर राहू नका.

आधी वार आणि वेळ पाहा. सोमवारी-मंगळवारी बऱ्याच गोस्टिल्ना सुटी घेतात. दारावर 'झाप्रतो' दिसलं की बंद. काउंटर रात्री उशिरापर्यंत चालू असला तरी चूल तासभर आधीच विझते, म्हणून फोनवर 'उघडं आहे का' असं न विचारता 'स्वयंपाकघर किती वाजेपर्यंत' असं विचारा. खेड्यात रविवारी दुपारचं जेवण उरकलं की संध्याकाळी काही शिजत नाही.

साधी गोस्टिल्ना मुळात दोन जेवणांवर जगते. एक म्हणजे कामगारांची 'मालित्सा'. स्लोव्हेनियात कामं सकाळी सहा-सातला सुरू होतात. पूर्णवेळ कामगाराला कायद्याने तीस मिनिटांची सुटी आणि मालकाकडून जेवणाचा भत्ता मिळतो. त्यामुळे दहा ते एकच्या दरम्यान गोस्टिल्नाबाहेर खडूने लिहिलेली पाटी लागते: दोन-तीन पदार्थ, सोबत सूप किंवा सॅलड. रिचेट (बार्ली, घेवड्याचे दाणे आणि धुरावलेलं मांस), योता (आंबवलेला कोबी किंवा सलगम, दाणे, बटाटा), नाहीतर गुलाश. पाटीवरचंच मागवा. ते सकाळी मोठ्या पातेल्यात शिजलेलं असतं आणि संपणार हे ठरलेलं असतं. अडीच वाजता जाऊन आठ पानी मेन्यूतलं काहीतरी मागवलंत तर ते फ्रीझरमधून येण्याची शक्यता जास्त, आणि त्यात दोष तुमचाच. साडेअकरा ही उत्तम वेळ. एकनंतर पातेल्याचा तळ लागतो.

दुसरं म्हणजे रविवारचं जेवण. क्रम जवळजवळ ठरलेला: शेवया घातलेलं बीफचं सूप, मग भाजलेलं मांस किंवा ब्रेडक्रम्ब लावून तळलेला श्नित्झेल, कांद्यावर परतलेले बटाटे, सॅलड, शेवटी श्ट्रुक्ली (पातळ पोळीत चीजचं सारण गुंडाळून उकडलेली वळकटी) किंवा पोतित्सा (अक्रोड वगैरे भरून गुंडाळलेला गोड पाव). यासाठी दोन-तीन दिवस आधी फोन करा आणि माणसं किती ते नक्की सांगा, कारण भाजायचं मांस त्या हिशेबानेच ओव्हनमध्ये जातं. चार सांगून दोघं गेलात तर उरलेलं मालकाच्या गळ्यात पडतं.

कुठे शोधायचं हे कळायला त्या बंद का पडतात ते माहीत हवं. जुन्या मोठ्या गोस्टिल्ना व्हिएन्ना ते त्रिएस्ते बंदर या रस्त्यावर गाडीवानांच्या जिवावर उभ्या होत्या. 1857 मध्ये रेल्वे त्रिएस्तेपर्यंत पोचली आणि गाडीवान संपले. मग मोटारी आल्या, पुन्हा बरे दिवस आले, आणि मागोमाग महामार्ग आला. ल्युब्लियाना-मारिबोर मार्गावरचा त्रोयाने घाट 2005 मध्ये बोगद्यांमुळे टळला. तिथली मोठी गोस्टिल्ना टिकली, कारण तिच्या भल्यामोठ्या क्रोफींसाठी, म्हणजे जॅम भरलेल्या डोनटसाठी, लोक मुद्दाम महामार्ग सोडून येतात. असं ओढून आणणारं काही ज्यांच्याकडे नव्हतं त्या मिटल्या. आता मोठी अडचण माणसांची आहे. स्वयंपाकी आणि वाढपी ऑस्ट्रियात जास्त पगारावर जातात, आणि मुलांना आईसारखं शनिवार-रविवार चुलीपुढे उभं राहायचं नसतं. गाडी चालवणाऱ्यासाठी मद्याची मर्यादा 0.5 ग्रॅम प्रति किलो आहे, त्यामुळे लांबून येणारा दुसरा पेला मागवत नाही. आणि मालकाला नफा जेवणापेक्षा पेल्यातच सुटतो.

तेव्हा महामार्गाला समांतर जाणारा जुना रस्ता धरा. लाकूड गिरणी, खाण, छोटा कारखाना जवळ असेल तिथे मालित्सा चालू असते. सकाळी अकराला दारात कामगारांच्या व्हॅन उभ्या असतील तर निर्धास्त आत जा. भिंतीवरच्या जुन्या फोटोंवर आणि लाल चौकटीच्या टेबलक्लॉथवर जाऊ नका. ती सजावट विकत मिळते. पाटीवरच्या 'दोमाचे' म्हणजे 'घरगुती' या शब्दावरही नाही. 'गोस्टिल्ना' हे नाव तर महागड्या रेस्टॉरंटांनीही घेतलंय. 2020 मध्ये रेस्टॉरंटांना तारे देणारं मिशेलिन गाइड स्लोव्हेनियात आलं तेव्हापासून चांगल्या जेवणाची चर्चा खूप झाली, पण ती बहुतेक वरच्या टोकाची. आत गेल्यावर काउंटरजवळचं एक टेबल नेहमीच्या मंडळींचं असतं, त्याला 'श्टामटिश' म्हणतात. रिकामं दिसलं तरी तिथे बसू नका.

प्रांत पाहून मागवा. इद्रियात झ्लिक्रोफी, म्हणजे बटाटा भरलेल्या छोट्या टोपीसारख्या करंज्या. समुद्राजवळच्या कार्स्टमध्ये योता, हवेत वाळवलेला प्रशुत (डुकराच्या मांडीचं मांस) आणि लालभडक तेरान वाइन. ईशान्य टोकाच्या प्रेकमुर्येत बोग्राच, म्हणजे कढईत शिजवलेला मांसाचा रस्सा, आणि गोड म्हणून खसखस, ताजं चीज, अक्रोड, सफरचंद यांचे थर दिलेली गिबानित्सा. श्टायर्स्कात सॅलडवर भोपळ्याच्या बियांचं काळपट हिरवं तेल. समुद्रकाठी योता ठीक, पण बोग्राच मागवलात तर पश्चात्ताप होईल.

शाकाहारी मंडळींनी जरा जपून. योता आणि रिचेटमध्ये डुकराचं मांस गृहीत असतं. गव्हाच्या वा कुट्टूच्या पिठाच्या झ्गान्त्सी आपल्या उकडीच्या जातीच्या असल्या तरी वरून चरबीचे कुरकुरीत तुकडे ओततात. 'ब्रेझ मेसा' (मांसाशिवाय) आणि 'ब्रेझ ओत्स्विर्कोव' (त्या तुकड्यांशिवाय) हे दोन्ही म्हणा. पहिलं एकटं पुरत नाही, कारण ओत्स्विर्की कित्येकांच्या हिशेबी मांस नव्हेच. अळंबी घातलेली कुट्टूची काशा (दाण्यांची खिचडी) चालते, फक्त सूपच्या पाण्यात शिजवलीय का ते विचारा. ल्युब्लियाना-मारिबोरला शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी सवलतीच्या जेवणाच्या सरकारी योजनेत नाव नोंदवावं. त्यात सूप, मुख्य पदार्थ आणि सॅलड मिळतं, आणि काही जुन्या गोस्टिल्नाही त्यात आहेत.

गोस्टिल्ना सापडलीच नाही तर कार्स्ट आणि विपावा खोऱ्यात 'ओस्मित्सा' शोधा: शेतकरी ठरावीक दिवस घरची वाइन आणि प्रशुत अंगणातच विकतात. नाव 'ओसेम' म्हणजे आठवरून, कारण अशी विक्री आठ दिवस करायची मुभा 1784 च्या बादशाही फर्मानाने मिळाली. चौकात टांगलेली आयव्हीची फांदी हीच खूण. ती दाखवेल तिकडे वळा. डोंगरातल्या पर्वतारोहण संघटनांच्या झोपड्यांतही रिचेट आणि योता अजून रोज शिजते.

आता श्ट्रुक्ली. गोस्टिल्नांच्या मेन्यूतून हा पदार्थ का गळतो किंवा तयार गोठवलेला का येतो, हे एकदा केल्यावर हातांनाच कळतं. ओळखायचं असेल तर काप पाहा: हाताचे काप कमीजास्त जाडीचे, आतला भोवरा वाकडा, कारखान्याचे सगळे एका साच्यातले आणि पोळी चिवट.

चौघांसाठी 200 ग्रॅम मैदा, 1 अंडं, 1 टेबलस्पून तेल, 1 टीस्पून व्हिनेगर, चिमूट मीठ आणि 75 ते 80 मिली कोमट पाणी घ्या. दहा मिनिटं मळा. पीठ कानाच्या पाळीइतकं मऊ हवं. तेल लावून झाका आणि निदान अर्धा तास हात लावू नका. इथे घाई केली की पोळी ताणताना फाटते, आणि मग ठिगळं लावण्यात जीव जातो.

सारणाला तिथे स्कुता हे ताजं चीज वापरतात. आपल्याकडे 350 ग्रॅम ताजं मऊ पनीर कुस्करून त्यात 150 ग्रॅम चक्का, 1 अंडं, 100 ग्रॅम सावर क्रीम आणि मीठ घाला. चक्का रात्रभर टांगलेला हवा; पाणी राहिलं तर वळकटी आतून चिकट होते. सारण फारच सैल वाटलं तर दोन चमचे पावाचा चुरा.

टेबलावर जुनी चादर पसरून मैदा भुरभुरा. पीठ थोडं लाटा, मग मुठी आतून घालून मधून कडेकडे ताणत जा, साधारण 70 बाय 50 सेंटिमीटर होईपर्यंत. चादरीवरची नक्षी खालून दिसली की पुरे. जाड कडा कापून टाका, सारण पसरा, पलीकडची तीन बोटं जागा मोकळी सोडा. चादर उचलून वळकटी करा, हाताने नाही. मधोमध कापून दोन करा.

प्रत्येक वळकटी ओल्या, लोणी लावलेल्या पंच्यात गुंडाळा. टोकं दोऱ्याने बांधा, मध्ये बोटभर सैल ठेवा. शिजताना ती फुगते, आणि आवळून बांधली तर फुटून सारण पाण्यात उतरतं. मिठाच्या पाण्यात मंद आचेवर 30 मिनिटं. खळखळ उकळी नको. काढल्यावर पाच मिनिटं तशीच ठेवा, मग सोडून तीन सेंटिमीटरचे काप करा. 50 ग्रॅम लोण्यात 50 ग्रॅम पावाचा चुरा बदामी परतून वर ओता.

यात दीड-दोन तास सहज जातात. रविवारी चाळीस पानं आणि प्रत्येकी दोन काप म्हटलं तर अशा पाच पोळ्या ताणाव्या लागतात, सूप आणि बटाटे सांभाळून. उरलेले काप दुसऱ्या दिवशी लोण्यात दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा. काहींना ते पहिल्या दिवशीपेक्षाही आवडतात.