श्वसनाची औषधं पाठ करण्याआधी पंप हातात घ्या

परीक्षा जवळ आली की विद्यार्थी माझ्याकडे श्वसनाच्या औषधांची यादी घेऊन येतात. साल्ब्युटामॉल, साल्मेटेरॉल, टायोट्रोपियम, बुडेसोनाइड... पाठ केलेली नावं आठवड्यात एकमेकांत मिसळलेली असतात. मी छातीविकारांची डॉक्टर आहे, आणि वॉर्डात शिकवताना ती यादी बाजूला ठेवायला सांगते. आधी रुग्णाच्या उशाशी चला.

त्याला बोलतं करा. एका दमात पूर्ण वाक्य होतंय, की दोन-तीन शब्दांनंतर थांबावं लागतंय? मग श्वास सोडताना पाहा. दमा आणि सीओपीडी (श्वासाची वाट कायमची अडत जाण्याचा आजार) यांमध्ये हवा आत शिरते, पण बाहेर पडताना अडते, म्हणून उच्छ्वास लांबतो. फुप्फुसं कडक झाली असतील, जसं फायब्रोसिसमध्ये होतं, तर श्वास छोटे आणि भराभर चालतात. स्टेथोस्कोप गळ्यासमोर श्वासनलिकेवर ठेवा, खोल श्वास घ्यायला सांगा आणि मग जमेल तितक्या जोरात सगळी हवा सोडायला सांगा. घड्याळ लावा. सहा सेकंदांनंतरही आवाज येत राहिला, तर वाट अडलेली असण्याची शक्यता मोठी आहे. या चाचणीला पैसा लागत नाही आणि ती विसरली जात नाही.

आता स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकायला लावून हवा मोजायची चाचणी. पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा म्हणजे एफईव्ही-१, आणि जोर लावून सोडलेली एकूण हवा म्हणजे एफव्हीसी. ब्रॉन्कोडायलेटर, म्हणजे श्वासनलिका रुंद करणारं औषध, दिल्यावरही यांचं गुणोत्तर ०.७० पेक्षा कमी राहिलं, तर सीओपीडीचा विचार करायचा, अर्थात लक्षणं आणि धुराचा इतिहास जोडूनच. औषधानंतर एफईव्ही-१ किमान १२ टक्के आणि २०० मिलिलिटर, दोन्ही वाढलं, तर वाट उघडते असं आपण म्हणतो. 'दोन्ही' या शब्दाखाली रेघ मारा. १.६० लिटरचं १.९२ झालं, तर वाढ ३२० मिलिलिटर आणि २० टक्के, म्हणजे पुरेशी. १.०० चं १.१५ झालं, तर १५ टक्के दिसायला छान, पण वाढ फक्त १५० मिलिलिटर. तोंडी परीक्षेत हुशार मुलंसुद्धा इथेच घसरतात.

औषधांसाठी वहीत श्वासनलिकेचा आडवा छेद काढा. बाहेर स्नायूंचं कडं, आत सुजलेलं अस्तर, मध्ये कफ. प्रत्येक औषधाला दोन प्रश्न विचारा: तू यातल्या कशावर काम करतोस, आणि किती वेळ?

स्नायू सैल करणारी औषधं दोन वाटांनी येतात. एक स्नायूवरचा बीटा-२ रिसेप्टर (औषध जिथे चिकटून काम करतं ती जागा) चालवते, दुसरी एम-३ रिसेप्टर अडवते. साल्ब्युटामॉल काही मिनिटांत लागू पडतं आणि चार ते सहा तास टिकतं. फॉर्मोटेरॉलही तितक्याच चटकन लागू पडतं, पण बारा तास टिकतं. साल्मेटेरॉल बारा तास टिकतं खरं, पण सुरू व्हायला वेळ घेतं, म्हणून धाप लागलेल्या माणसाच्या हातात ते द्यायचं नाही. एम-३च्या वाटेवर इप्राट्रोपियम काही तासांचं, तर टायोट्रोपियम दिवसातून एकदा. सुजेवर काम करतात ते श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड: बुडेसोनाइड, फ्लुटिकासोन, बेक्लोमेथासोन. त्यांचा गुण लगेच जाणवत नाही, म्हणूनच रुग्ण ते आधी सोडतो.

दम्याचं मूळ सूज आहे, हे एकदा पटलं की नियम पाठ करावे लागत नाहीत. स्नायू सैल केला, माणसाला बरं वाटलं, आणि आत सूज वाढत राहिली; धोका तो हाच. म्हणून दम्यात दीर्घकाळ टिकणारं बीटा-२ औषध स्टेरॉइडशिवाय कधीच द्यायचं नाही. २०१९पासून जीना या दम्यावरच्या जागतिक उपक्रमाच्या मार्गदर्शनात नुसत्या साल्ब्युटामॉलवर दमा सांभाळणंही बसत नाही. त्याऐवजी स्टेरॉइड आणि फॉर्मोटेरॉलचा एकत्र पंप त्रास झाल्यावर वापरायला सुचवतात. सीओपीडीमध्ये क्रम उलटा: आधी दीर्घकाळ टिकणारे ब्रॉन्कोडायलेटर, आणि स्टेरॉइड विचार करून, कारण त्याने न्यूमोनियाचा धोका वाढतो. तिथे रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी पाहा. मायक्रोलिटरमागे ३०० किंवा जास्त असतील तर स्टेरॉइडचा फायदा होण्याची शक्यता चांगली, १०० पेक्षा कमी असतील तर फारच कमी.

इतकं सगळं बरोबर लिहूनही औषध फुप्फुसात पोहोचलं नाही तर?

एक आजी माझ्याकडे यायच्या. रात्री खोकल्याने उठून बसायच्या. मी दोनदा डोस वाढवला. तिसऱ्या वेळी म्हटलं, "आजी, माझ्यासमोर पंप घेऊन दाखवा." त्यांनी आधी दाबला, मग श्वास ओढला. तोंडाच्या कोपऱ्यातून पांढरा फवारा बाहेर पडला आणि हवेत विरला. डोस कमी पडत नव्हता. तो आत जातच नव्हता. मी स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, दिला, तीन वेळा करून घेतलं. पुढच्या खेपेला त्या रात्रभर झोपत होत्या, आणि वाढवलेला डोस मी कमी केला. तेव्हापासून पंप घेताना पाहिल्याशिवाय मी डोस बदलत नाही.

तुम्हीही रिकामा सराव-पंप मागून घ्या आणि आरशासमोर उभे राहा. फवाऱ्याचा पंप असेल तर तो हलवा, श्वास पूर्ण सोडा, ओठ घट्ट मिटा, हळू श्वास घ्यायला सुरुवात करतानाच दाबा, खोल ओढत राहा आणि दहा आकडे रोखून धरा. पावडरचा असेल तर उलट: झटक्यात, जोरात ओढायचं, आणि यंत्रात कधीच फुंकायचं नाही, ओलाव्याने पावडरचे गोळे होतात. स्टेरॉइड घेतल्यावर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात बुरशी येते आणि आवाज बसतो.

धोक्याच्या खुणा थोड्या आहेत, पण त्या पक्क्या करा. दम्याच्या तीव्र झटक्यात माणूस भराभर श्वास घेतो, म्हणून रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी हवा. त्याचा दाब ४० मिमी पारा आला, तर 'नॉर्मल' म्हणून पुढे जाऊ नका. रुग्ण थकत चाललाय, लगेच वरिष्ठांना बोलवा. घरघर अचानक थांबली आणि छाती शांत झाली, तरी तेच करा. सीओपीडीच्या झटक्यात रक्तातली ऑक्सिजनची पातळी (सॅच्युरेशन) ८८ ते ९२ टक्क्यांवर ठेवा, त्याहून वर नेण्याचा मोह टाळा.

आणि डोळ्यांच्या थेंबांबद्दल विचारा. काचबिंदूसाठीचं टिमोलॉल हे बीटा-ब्लॉकर आहे. थेंब डोळ्यात टाकला तरी त्याने दमा उसळू शकतो. थिओफिलिन घेणाऱ्याने सिगारेट सोडली, तर रक्तातली पातळी चढते, कारण धुरामुळे यकृत ते औषध जास्त वेगाने मोडत होतं. सिप्रोफ्लॉक्सॅसिननेही ती चढते. मळमळ, धडधड, आकडी दिसली की हे आठवा.

उद्या वॉर्डात केस लिहाल तेव्हा औषधांच्या यादीखाली एक ओळ जोडा: 'पंप घेताना पाहिला', आणि काय दिसलं ते.