जुनं रंधा मशीन शेडमध्ये आणण्याआधी

मशीन बघायला निघण्याआधी आपल्याच शेडचं दार मोजा. रुंदी आणि उंची दोन्ही. मग गल्लीचं वळण, वरून जाणाऱ्या विजेच्या तारा, दारापासून मशीन बसणार त्या जागेपर्यंतचं अंतर, सगळं वहीत लिहून ठेवा. नागपुरात महाल-इतवारीच्या आतल्या गल्ल्यांत हायड्रा (चाकांवरची क्रेन) शिरणं कठीण, आणि शिरला तरी बूम उचलायला जागा मिळत नाही. तिथे मशीन मोठ्या रस्त्यावर उतरवून पाइपांवरून ढकलत न्यावं लागतं. त्यासाठी चार जाणती माणसं आणि चेनकप्पी आधीच ठरलेली हवी. वाडी-हिंगण्याकडे शेड असेल तर हा त्रास बराच कमी होतो.

मग जमीन. नागपूरची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसती फरशी टाकून बिडाचं (कास्ट आयर्नचं) मशीन बसवलं की एकदोन वर्षांत टेबलाची लेव्हल गेलीच म्हणून समजा. जागेपुरती काळी माती खणून काढा, मुरूम भरून चांगला ठोकून घ्या आणि वर सळई घालून काँक्रीट टाका. काँक्रीटला पुरती ताकद यायला २८ दिवस लागतात, म्हणून हे काम मशीन ठरवण्याच्या आधीचं. वाहतूक दिवाळी ते होळीच्या दरम्यान ठेवा. मे महिन्यात ४५ अंशांवर उघड्या लोखंडाला हात लावता येत नाही, आणि मृगानंतर घासून चकचकीत केलेलं बीड एका रात्रीत तांबूस होतं.

वीज कोणती आहे ते बघा. थ्री फेज नसेल तर महावितरणकडे अर्ज आत्ताच करा. लहान मोटर असेल तर सिंगल फेजवरून थ्री फेज देणारा ड्राइव्ह लावूनही भागतं. जुन्या मोटरची पाटी नीट वाचा. ती डीसी असू शकते, किंवा अमेरिकन असेल तर ६० सायकलची (हर्ट्झची). तीच मोटर आपल्या ५० सायकलवर एक षष्ठांशाने हळू फिरेल. तेवढाच फरक कटर ब्लॉकच्या, म्हणजे पाती बसवलेल्या फिरत्या ठोकळ्याच्या, वेगात पडतो आणि रंध्याचे वळ लाकडावर दिसतात. पुलीचा हिशेब तेव्हाच करून ठेवा.

आणि एक काम बहुतेक जण विसरतात. गोल लाकूड चिरणारा मोठा बँड सॉ (दोन चाकांवर फिरणारी पट्टा-करवत) घेणार असाल तर वनखात्यात आधी विचारा. १९९६ साली जंगलतोडीविषयीच्या गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, तेव्हापासून आरागिरण्यांच्या परवान्याचा विषय फार कडक झाला आहे. राज्याच्या वनखात्याचं मुख्यालय आपल्याच सिव्हिल लाइन्समध्ये आहे. मशीन शेडमध्ये आल्यावर नोटीस येण्यापेक्षा ही एक चक्कर बरी.

आता बघायला जाताना पिशवीत काय हवं ते सांगतो. टॉर्च, तीन फुटी सरळ पट्टी, फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पात्या), लोहचुंबक, तारेचा ब्रश, रॉकेल किंवा डिझेलची बाटली, चिंध्या आणि पांढरा खडू. शेवटच्या तीन वस्तू सगळ्यांत मोलाच्या. बीड वाकत नाही, तडकतं, आणि तडा रंगाखाली दडून बसतो. संशय आला त्या जागेवर रॉकेल लावा, दहा मिनिटांनी कोरडं पुसा आणि खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल खडूत वर येतं आणि एक काळी रेघ उमटते. चुंबक कुठे सैल धरत असेल तर तिथे लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारला आहे. लाकडी हातोडीने हलके ठोके द्या. अखंड बीड घंटेसारखं वाजतं, तडकलेलं बद्द वाजतं. घाईघाईने वेल्डिंग केलेलं बीड वेल्डच्या शेजारी पुन्हा फुटतं, म्हणून मुख्य चौकटीला तडा असलेलं मशीन मी फुकटही घेत नाही. टेबलाला किंवा एखाद्या दांड्याला तडा असेल तर गरम करून पितळेने जोडता येतो. तिथे भाव करा.

कटर ब्लॉक गोल आहे की चौकोनी, हे पाहिल्याशिवाय पुढे बोलूच नका. चौकोनी ब्लॉक आणि टेबलाची कड यांत मोठी फट राहते. हात घसरला तर त्या फटीत बोटं ओढली जातात. ब्रिटनने १९२२ सालच्या नियमांत हाताने लाकूड सारायच्या रंधा मशीनवर गोल ब्लॉक सक्तीचा केला. चौकोनी ब्लॉकचं मशीन आवडलंच, तर गोल ब्लॉक बनवायचा खर्च किमतीत धरा. वॉडकिन असेल (लेस्टरची कंपनी, १८९७ सालची) किंवा रॉचडेलचं रॉबिन्सन, तर ओतीवात उठवलेलं नाव आणि ठोकलेला नंबर यांचा फोटो घ्या. जुने भाग शोधताना तो लागतो. फेन्स (लाकूड टेकवून सारायची उभी पट्टी), गार्ड, कटरच्या पाचरा, हातचाकं हे सगळं जागेवर आहे का ते मोजा. नसलेला भाग ओतून घ्यायचा तर आधी लाकडी नमुना करावा लागतो आणि तो फुटामागे अष्टमांश इंच मोठा धरावा लागतो, कारण बीड थंड होताना तेवढं आकसतं.

पैशांचं थोडक्यात. मालकाच्या डोक्यात भंगाराचा भाव असतो, म्हणून वजनाचा अंदाज तुमच्याकडेही हवा. एक घनफूट बीड साधारण २०० किलो भरतं. ज्या नागपुरातून नव्या संसद भवनाला सागवान गेलं, तिथे पिढ्यान्‌पिढ्या सागवानावर रंधा मारलेलं मशीन किलोवर विकलं जातं, हे बघून मला आजही वाईट वाटतं. सरकारी कारखान्यांचा माल एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या आणि रेल्वेचा आयआरईपीएस या रेल्वेच्याच संकेतस्थळाच्या ई-लिलावात येतो. तिथे माल ‘आहे तसा, आहे तिथे’ मिळतो आणि उचलायची मुदत ठरलेली असते, म्हणून बोली लावण्याआधी हायड्रा बोलून ठेवा. बिलावर मशीनचा नंबर लिहून घ्या. माल दुसऱ्या राज्यातून येत असेल आणि किंमत ५०,००० रुपयांवर असेल तर ई-वे बिल (जीएसटीचा वाहतूक परवाना) लागतं.

उचलण्याच्या दिवशी घाई करू देऊ नका, हे मी माझं नुकसान सोसून शिकलो. माझ्या पहिल्या बँड सॉला हायड्रावाल्याने टेबलाखालून पट्टा घातला. मी म्हणालो, “भाऊ, टेबलाला नको, चौकटीला घ्या.” तो म्हणाला, “काही होत नाही बाप्पा.” दोन फूट वर गेल्यावर टेबलाखालची अर्धगोल कमान तुटली आणि अख्खं टेबल रस्त्यावर आलं. जखम कुणाला झाली नाही, पण ती कमान पुन्हा ओतून घेईपर्यंत पावसाळा उलटला. तेव्हापासून टेबल, फेन्स, वरचं चाक आणि मोटर मी आधीच उतरवतो. बँड सॉचं वजन वर असतं, वरचं चाक काढलं की तो निम्मा शांत होतो. घासलेल्या भागांवर साखळी नको, कापडी पट्टा वापरा आणि तो फक्त चौकटीतून घ्या. खाली चार इंची लाकडाचे दोन दांडे बोल्टने जखडा, म्हणजे पाइपांवरून सरकवताना पाया तुटत नाही. छोटा हत्ती (लहान टेम्पो) पुरेल असं कुणी म्हणालं तर आधी वजनाचा हिशेब दाखवा.

शेडमध्ये आल्यावर पहिले दोन दिवस पान्हा हातात घेऊ नका. फोटो काढा, नटबोल्टांना चिठ्ठ्या बांधा, डबे भरा. जुन्या इंग्लिश मशीनचे आटे व्हिटवर्थ या इंची मापाचे असतात, ५५ अंशांचे. लोहाओळीत मिळणारा १२ एमएमचा बोल्ट अर्ध्या इंचाच्या भोकात जातो, पण धरत नाही, आणि पिळला तर आटेच मारतो. जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असतं. ओला करून खरवडा. गंज काढायला धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जरने करंट द्या. निगेटिव्ह टोक भागाला, पॉझिटिव्ह साध्या लोखंडाला, स्टेनलेसला कधीच नाही, कारण त्यातून विषारी क्रोमियम सुटतं. हे काम उघड्यावर करा. पाण्यातून हायड्रोजन निघतो, जवळ विडीसुद्धा नको.

बेअरिंग व्हाइट मेटलचे (ओतून बसवलेल्या मऊ धातूचे) असतील तर लगेच काढून बॉल बेअरिंग बसवायची घाई करू नका. तेल वेळेवर मिळालं तर ते वर्षानुवर्षं चालतात. पुन्हा ओतायचेच असतील तर बेअरिंगचं घर आधी गरम करून पूर्ण कोरडं करा. ओलाव्याचा एक थेंब जरी राहिला तरी वितळलेला धातू तोंडावर उडतो. हे काम पहिल्यांदा जाणत्या मिस्त्रीसोबतच करा.

मोटर सुरू करण्याआधी मेगरने इन्सुलेशन तपासा, एक मेगाओहमच्या खाली असेल तर रिवाइंडिंगला द्या. अर्थिंग स्वतः बघा. पहिल्यांदा कटरच्या समोर कुणी उभं राहू नये, बटण बाजूने दाबा आणि अर्धा तास लाकडाशिवाय चालू द्या. दर पाच मिनिटांनी मशीन बंद करा, सगळं थांबलं की बेअरिंगवर हात ठेवा, हात टिकला तर ठीक. मग पहिल्या पावसाळ्यानंतर, खंडेनवमीला पूजेसाठी मशीन पुसाल त्याच दिवशी, टेबलावर लेव्हल ठेवून बुडबुडा कुठे थांबतो ते बघा आणि गरज पडली तर पायाखाली पत्र्याच्या पट्ट्या सरकवा.