लॅबमध्ये ड्रायव्हर टाकायला निघण्याआधी

आपल्याकडे विदर्भात शाळा-कॉलेजं जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे लॅबची कामं नेमकी उन्हाच्या तडाख्यात येतात. गावच्या कॉलेजात २० मशीन, खोलीत एक कूलर, आणि शिपाईदादा आधीच सांगून ठेवतात, "भाऊ, चार वाजता लाइन जाईन बरं." म्हणून निम्मं काम घरीच उरकून निघायचं. बेत असा: ड्रायव्हर, म्हणजे मशीनचा एकेक भाग विंडोजला चालवता यावा म्हणून लागणारं सॉफ्टवेअर, नेटवर्कवरून दिसणाऱ्या एका शेअर फोल्डरमध्ये ठेवायचं, आणि प्रत्येक मशीनवर एक स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने लिहिलेल्या कमांडची फाइल, चालवून ते बसवायचं.

पहिली गोष्ट म्हणजे लॅन कार्डाचा ड्रायव्हर, आणि तो पेनड्राइव्हमध्ये. शेअर फोल्डरमधून सगळं आपोआप बसेल हे खरं, पण मशीनला नेटवर्कच दिसत नसेल तर तो फोल्डर दिसणार कुठून? ही चूक मी एकदा केली आणि २५ किलोमीटर परत आलो. आता पेनड्राइव्ह आदल्या रात्रीच शर्टाच्या खिशात जातो.

मग फोल्डर. प्रत्येक मॉडेलचं एक मशीन नीट चालू असेल तर बाहेरून बसवलेले त्याचे सगळे ड्रायव्हर विंडोजच्याच पीएनपीयूटिल कमांडने एकदम काढून घेता येतात. विंडोजचे स्वतःचे ड्रायव्हर त्यात येत नाहीत, आणि ते लागतही नाहीत. कंपनीची नुसती सेटअप फाइल मिळाली असेल तर ती उघडून आतली आयएनएफ फाइल (ड्रायव्हर कसा बसवायचा ते सांगणारी) तिच्या सोबतच्या फाइलींसकट बाहेर काढा, कारण पीएनपीयूटिल आयएनएफच वाचतं. हाताखालची पोरं सगळ्या मॉडेलांचा एकच ढीग करून मोकळी होतात. ढिगातूनही विंडोज आपल्या कामाचा ड्रायव्हर शोधतं, पण बाकीचे सगळे प्रत्येक मशीनच्या डिस्कवर साठून राहतात. म्हणून मॉडेलप्रमाणे वेगळे फोल्डर करा आणि नावं मशीन स्वतः सांगतं तीच ठेवा, म्हणजे स्क्रिप्ट मशीनला मॉडेल विचारून नेमका फोल्डर उचलेल. असेंबल केलेली मशीन मात्र मॉडेलच्या जागी बऱ्याचदा बेधडक 'टू बी फिल्ड बाय ओईएम', म्हणजे 'नाव कंपनी भरेल', असं उत्तर देतात! तिथे मदरबोर्डचं नाव विचारायचं.

ड्रायव्हर थेट शेअरवरून बसवू नका. स्क्रिप्टने आधी रोबोकॉपीने (विंडोजची फाइली कॉपी करायची कमांड) फोल्डर मशीनच्या डिस्कवर आणावा, मग तिथून बसवावा. रोबोकॉपीला किती वेळा प्रयत्न करायचा तेही सांगून ठेवा. नाही सांगितलं तर तो प्रत्येक अडलेल्या फाइलसाठी ३० सेकंद थांबत दहा लाख वेळा प्रयत्न करत बसतो. यूपीएसवर शेअरचं मशीन असतं, पण सगळी मशीन जोडणारा नेटवर्कचा स्विच भिंतीच्या प्लगमध्येच राहतो, आणि लाइन गेली की कॉपी तिथेच अडते. तो आधी बघा.

शेअरसाठी वेगळं खातं, पासवर्डसकट, आणि फक्त वाचण्याची परवानगी. ही स्क्रिप्ट अॅडमिन म्हणून चालते. त्या फोल्डरमध्ये कोणालाही लिहिता आलं, तर एकाच्या पेनड्राइव्हमधला व्हायरस २० मशीनवर अॅडमिन होऊन बसेल. कोणत्या मशीनवर काय झालं ती नोंद ठेवायला मात्र लिहिता येणारा दुसरा फोल्डर लागतो. तो वेगळाच ठेवा, आणि त्यातली कोणतीही फाइल चालवू नका. आणखी एक: शेअरला अक्षर देऊन आपल्या खात्यात जोडलेला झेड ड्राइव्ह अॅडमिनच्या खिडकीत बहुतेक वेळा दिसतच नाही. स्क्रिप्टमध्ये ड्राइव्हचं अक्षर न लिहिता सर्व्हरचा पूर्ण पत्ता लिहा.

नोंदीत पीएनपीयूटिलचा ३०१० हा कोड दिसला तर घाबरू नका, ड्रायव्हर बसलाय, फक्त मशीन रीस्टार्ट मागतंय. २५९ आलं तर त्या ड्रायव्हरच्या जोडीचं काही मशीनमध्ये नाही, किंवा आधीच त्याहून चांगला ड्रायव्हर बसलेला आहे. त्यापलीकडे काही अडलं तर विंडोजच्या आयएनएफ फोल्डरात सेटअपएपीआयची लॉग फाइल असते, ती वाचा. वैताग येतो, पण उत्तर तिथेच सापडतं.

एका मशीनवर सगळं चालवून बघितल्याशिवाय उरलेल्या १९ ला हात लावायचा नाही. बायोसचं (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरचं) अपडेट तर त्या दिवशी नकोच, लाइनीचा भरवसा नाही.

आणि निघण्याआधी एक फोन: लॅबची किल्ली कोणाजवळ आहे, आणि तो माणूस त्या दिवशी गावात आहे का?