सरकारच्या खर्चात पगार-पेन्शनचा वाटा किती? स्वतः काढा

“सरकारचा अर्ध्याहून जास्त पैसा पगार-पेन्शनलाच जातो,” असं कुणी ठणकावून सांगितलं की आधी विचारा, अर्धा कशाचा? आणि त्यात कर्जावरचं व्याज धरलंय का? बहुतेक वेळा धरलेलं असतं, आणि बोल मात्र एकट्या कर्मचाऱ्यांना लागतो. त्यापेक्षा आकडा स्वतः काढा. महाराष्ट्राचंच उदाहरण घेऊ.

वित्त विभागाच्या संकेतस्थळावरून अर्थसंकल्पाची पुस्तकं उतरवून घ्या. अंदाजांचे रकाने सोडा, ‘प्रत्यक्ष रकमा’ पाहा.

पेन्शन सोपी आहे. प्रधान शीर्ष (अर्थसंकल्पातलं खर्चाचं मुख्य खातं) 2071 ची बेरीज घ्या. 1 नोव्हेंबर 2005 पासून सेवेत आलेल्यांसाठी सरकार जे अंशदान (त्यांच्या पेन्शन खात्यातला सरकारचा वाटा) भरतं, तेही याच शीर्षाखाली येतं. ते पुन्हा मिळवू नका.

खरी डोकेदुखी पगाराची. माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच जायचा. ‘01-वेतन’ या उद्दिष्ट शीर्षाची (पैसा कोणत्या प्रकारच्या खर्चावर गेला ते सांगणाऱ्या ओळीची) बेरीज केली की काम झालं, असा सल्ला सर्रास दिला जातो. महाराष्ट्रात तो साफ चुकीचा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी असोत की खासगी अनुदानित शाळा-कॉलेजांतले शिक्षक, त्यांचा पगार राज्याच्या तिजोरीतूनच जातो, पण अनुदान म्हणून. तो सापडतो ‘36-सहायक अनुदाने (वेतन)’ या ओळीत. शिक्षणाचं प्रधान शीर्ष 2202 उघडा आणि पानं उलटत जा, म्हणजे केवढी मोठी रक्कम या ओळीत आहे ते दिसेल. ती सोडली तर लाखो शिक्षक हिशेबातून गायब होतात. तिच्याजवळच ‘31-सहायक अनुदाने (वेतनेतर)’ असते, ती घेऊ नका. आणि एखाद्या गोषवाऱ्यातला ‘वेतन’ असा तयार आकडा वापरणार असाल, तर त्यात अनुदानित संस्था आधीच धरल्यात का ते तळटिपेत वाचा. नाहीतर तीच रक्कम दोनदा येईल.

अंगणवाडी सेविकांचं मानधन आणि कंत्राटी सेवांवरचा खर्च ‘वेतना’त नसतो. मी तो वेगळ्या ओळीत लिहितो, आणि तुम्हीही लिहाच. ही माणसं रोज सरकारचंच काम करतात. त्यांना वगळलं, तर पदं रिकामी ठेवून कंत्राटावर माणसं घेणारं सरकार कागदावर काटकसरी दिसतं.

आता भागायचं कशाने? फक्त उदाहरणापुरते अंदाजाचे आकडे घेऊ. 2025-26 च्या अर्थसंकल्पात एकूण खर्च 7,00,020 कोटी, महसुली खर्च (पगार, पेन्शन, व्याज असा चालू खर्च) 6,06,855 कोटी आणि महसुली जमा (करांसारखं, कर्ज नसलेलं उत्पन्न) 5,60,964 कोटी रुपये धरली होती. समजा, एखादी बाब 1 लाख कोटींची आहे. एकूण खर्चात तिचा वाटा 14.3 टक्के, महसुली खर्चात 16.5 टक्के आणि महसुली जमेच्या तुलनेत 17.8 टक्के. रुपया एकही बदलला नाही! एकूण खर्चात रस्ते-इमारतींसारखा भांडवली खर्चही असतो, म्हणून खर्चातला वाटा सांगताना मी महसुली खर्च घेतो. सरकारला हा भार पेलतोय का, हे पाहायचं असेल तर जमेने भागा. फक्त दोन्ही टक्केवाऱ्या एकाच तक्त्यात मिसळू नका.

एका वर्षावरून निष्कर्ष काढू नका. सातवा वेतन आयोग 1 जानेवारी 2016 पासून लागू धरला, पण राज्यात प्रत्यक्ष वाढीव पगार जानेवारी 2019 पासून सुरू झाला आणि थकबाकी पुढे हप्त्यांनी दिली. अशा वर्षांत आकडा उडी मारतो. किमान दहा वर्षांची रांग मांडा आणि थकबाकीच्या वर्षांवर खूण करा.